वज्राचे आठ आकर : एका यादीची परीक्षा

हिऱ्याच्या प्राचीन व्यापाराविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत एक यादी हटकून येते. वज्राचे आकर आठ : हिमालय, मतंग, सुराष्ट्र, पौण्ड्र, कलिंग, कोसल, वेणातट आणि शूर्पार. लेखक ती बृहत्संहितेंतून अगर रत्नपरीक्षेच्या एखाद्या ग्रंथांतून उतरून घेतो, प्रत्येक नांवापुढें आजच्या जिल्ह्याचें नांव घालतो, या आठ ठिकाणीं पूर्वीं हिऱ्यांच्या खाणी होत्या असें विधान करतो, आणि गोवळकोंड्याकडे वळतो. यादी संस्कृतांत आहे, जुनी आहे, आणि एकाहून अधिक ग्रंथांत आहे. एवढ्यावरून ती खरी मानली जाते. ती कशाची यादी आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्याच पदरीं बांधीत नाहीं. बावीस वर्षांपूर्वीं एका शाळेच्या स्मरणिकेंत आम्हींच "आपल्या सोपाऱ्यास एके काळीं हिऱ्याची खाण होती" असें मोठ्या अभिमानानें छापविलें होतें. आमचा एक जुना विद्यार्थी त्या भागांत विहिरी खणण्याचा धंदा करीत असे. त्यानें तो लेख वाचून विचारलें, "गुरुजी, खाण नेमकी कोठें? आम्हांला तर काळ्या पत्थराखेरीज कांहीं लागत नाहीं." खाण काळाच्या ओघांत बुजली असेल, असें आम्हीं सांगितलें. तें उत्तर नव्हतें, हें त्यालाही कळलें आणि आम्हांलाही. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम ग्रंथ पाहूं. वराहमिहिरानें आपल्या करणग्रंथाचा आरंभ शके ४२७ धरला आहे. म्हणजे तो इसवी सनाच्या सहाव्या शतकांतला. त्याच्या बृहत्संहितेंत वज्रपरीक्षेच्या प्रकरणीं हीं आठही नांवें रंगासह येतात. वेणातटचें वज्र शुद्ध, कोसलचें शिरीषाच्या फुलासारखें, सुराष्ट्राचें तांबूस, शूर्पाराचें काळें, हिमवताचें किंचित् तांबूस, कलिंगाचें पिवळसर, पौण्ड्राचें सांवळें, आणि मतंगाचें वल्लपुष्पासारखें. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेंतही हीच आठ स्थळें आहेत. या बुद्धभट्टाचा पुष्कळसा भाग गरुडपुराणांत जवळजवळ जसाच्या तसा शिरला आहे. बल नांवाच्या असुराच्या देहापासून रत्नें झालीं ही कथाही त्याबरोबर आली आहे. असे निरनिराळे ग्रंथ एकत्र करून लुई फिनो या फ्रेंच पंडितानें १८९६ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध केले, आणि तेव्हांपासून या विषयाला पाया मिळाला. त्यापूर्वीं कलकत्त्यास शौरींद्रमोहन ठाकूर यांनीं 'मणिमाला' हा दोन भागांचा संग्रह १८७९ व १८८१ सालीं काढला होता. त्याचा उद्योग मोठा, परंतु त्यांत पुराण, वैद्यक, ज्योतिष व व्यापार हीं सर्व एका पंक्तीस बसविलीं आहेत. आपल्याकडील बहुतेक लेखकांनीं दुसऱ्या ग्रंथाची रीत उचलली, पहिल्याची नाहीं.

आतां एक पाठभेद. गरुडपुराणाच्या छापील पाठांत आठव्या स्थळीं शूर्पार नसून सौवीर आहे. सौवीर म्हणजे सिंधु नदीच्या खालच्या अंगाचा प्रदेश. यावरून कोणी "नववा आकर" काढील. पण रंग पाहावा. बृहत्संहितेंत शूर्पाराचें वज्र काळें. गरुडपुराणांत सौवीराचें वज्र नीलकमळासारखें व मेघासारखें. रंग तोच, जागा तीच, फक्त नांव बदललें आहे. सौवीर हें नांव पुराणांच्या नकलकाराच्या रोजच्या ओळखीचें. 'सौर्पार' हें त्याच्या ओळखीचें नव्हे. अनोळखी शब्दाच्या जागीं ओळखीचा शब्द येतो. उलट सहसा होत नाहीं. म्हणून शूर्पार हाच मूळ पाठ धरावयास हरकत नाहीं. त्याच ठिकाणीं आणखी एक गंमत आहे. 'अष्टौ इह आकराः' याचा संधि होऊन जें 'अष्टाविहाकराः' व्हावयाचें, त्याचें छापील पाठांत 'अष्ट विहारकाः' झालें आहे. दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि खाणींचे विहार झाले! या पुराणाच्या छापील प्रतींवर भूगोल उभारणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

शूर्पार हा पाठ खरा ठरल्यानें अडचण मात्र वाढते. सोपारें कोठें आहे याविषयीं शंका नाहीं. वसईच्या उत्तरेस असलेलें हें गांव आज पालघर जिल्ह्यांत मोडतें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील बुरूड राजाच्या कोटाचा स्तूप उकलला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा त्याच सालीं तेथें मिळाला आणि नवव्याचा १९५६ सालीं भुईगांवास मिळाला. म्हणजे बंदर पुरातन आणि थोर, यांत संशय नाहीं. परंतु जमीन कोणती? दख्खनचा काळा पत्थर आणि खाडीचा गाळ. हिरा हिंदुस्थानांत जेथें जेथें निघाला तेथली भूमि निराळी आहे. कर्नूल प्रांतांतील बनगानपल्लीचा गोट्यांचा थर, अनंतपूरकडील वज्रकरूरची आणि पन्न्याजवळ मझगव्हांची नळीच्या आकाराची ज्वालाजन्य खडकांची मुखें, महानदीच्या पात्रांतील संबळपूरकडची रेती, आपल्याकडे वैरागड : हीं हिऱ्याचीं खरीं स्थानें. सोपाऱ्यास यांतलें एकही लक्षण नाहीं. काठेवाडांतही हिऱ्याची खाण नाहीं, आणि हिमालयांतही नाहीं. आठांपैकीं तीन नांवें अशीं पडतात. ज्या यादींतील तीन नांवें खाणी नव्हेत, ती खाणींची यादी कशी म्हणावी?

येथें संस्कृतज्ञ म्हणेल कीं, आकर म्हणजे खाणच. अमरकोशांत खनि व आकर हे शब्द पर्याय म्हणून दिले आहेत, आणि कौटिल्याचा आकराध्यक्ष खाणींवरचाच अधिकारी आहे. हें सर्व खरें. पण समुद्राला रत्नाकर म्हणतात, आणि समुद्र ही खाण नव्हे. आकर या शब्दांत मुळांत ढीग पडणें, विपुल असणें हा भाव आहे. खाण हा त्याचा एक विशेष अर्थ. जेथें जिन्नस विपुल मिळतो तो आकर. रत्नपरीक्षा हा विषय खाणींत उतरणाऱ्यांचा नव्हे, तो पेढीवर बसणाऱ्यांचा. त्याच्या दृष्टीनें हिरा जेथून त्याच्याकडे आला तेंच त्याचें जन्मस्थान.

तो विषय पेढीचा आहे याचा पुरावा खुद्द वराहमिहिराच्या मूल्यकोष्टकांत आहे. आठ पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक तांदूळ. वीस तांदूळ वजनाच्या हिऱ्याचें मोल दोन लाख. पुढें दोन दोन तांदूळ कमी करीत भाव उतरवीत आणला आहे : दहा तांदळांस पांचवा हिस्सा म्हणजे चाळीस हजार, आणि शेवटीं दोन तांदळांस हजारावा हिस्सा म्हणजे अवघे दोनशें. वजन दहापट वाढलें तर मोल हजारपट! सतराव्या शतकांत ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें जो नियम सांगितला तो वजनाच्या वर्गाचा, म्हणजे दहापटीस शंभरपट. जुनें कोष्टक याहूनही तीव्र आहे. मोठा दगड किती दुर्मिळ, याची जाण ज्या माणसाला होती त्यानें तें केलें. परंतु हेंच वराहमिहिर महाशय उत्तम वज्र हलकें असतें आणि पाण्यावर तरतें असेंही सांगतात. हिऱ्याचें वजन समान आकाराच्या पाण्याच्या साडेतीनपट असतें. तो तरणार कसा? एकाच प्रकरणांत इतकें व्यवहारी कोष्टक आणि इतकें अशक्य लक्षण शेजारीं शेजारीं बसलें आहे, याचा अर्थ उघड आहे. प्रकरण एका हातचें नाहीं. कोठून तरी व्यापाऱ्याचें टांचण आलें, कोठून तरी शुभाशुभाचें शास्त्र आलें, आणि संहिताकारानें दोन्ही वृत्तांत गुंफलीं.

याच्यासमोर कौटिल्य ठेवून पाहावा. अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं ग्रंथ छापला गेला. त्यापूर्वींच्या लेखकांना तो उपलब्ध नव्हता, ही त्यांची सबब मान्य आहे. नंतरच्यांना ती नाहीं. कोशांत घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगतांना कौटिल्य म्हणतो कीं, उत्तम हिरा स्थूल असावा, जड असावा, घाव सोसणारा असावा, त्याचे कोन सारखे असावे, त्यानें भांड्यावर ओरखडा उठावा, तो चातीसारखा फिरावा आणि झळाळावा. जड! हलका नव्हे. सरकारी खजिन्यांत दगड मोजून घेणाऱ्याची ही दृष्टि आहे. तो हिऱ्याच्या उत्पत्तीचे प्रकारही सांगतो : खाण, ओढा, आणि इतस्ततः विखुरलेला. हिंदुस्थानांतील हिरा पुष्कळसा नदीच्या गोट्यांत व पृष्ठभागावर मिळत आला आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या तीन शब्दांचें मोल कळतें.

कौटिल्यही स्थळें देतो : सभाराष्ट्र, मध्यमराष्ट्र, श्रीकटन, मणिमंत, इंद्रवान वगैरे. या ठिकाणीं पाठ सर्वत्र एक नाहीं. मध्यमराष्ट्राबद्दल कंगल्यांच्या १९६० च्या संशोधित आवृत्तींत वेगळेंच नांव आहे. तें कसेंही असो. त्याच्या यादींतील एकही नांव पुढच्या आठांत नाहीं. खाणी कांहीं शतकांत जागा सोडून जात नाहींत. नांवें बदलतात तीं बाजाराचीं, रस्त्यांचीं आणि राज्यांचीं. आणखी एक गोष्ट. त्याच प्रकरणांत मोत्यांचे प्रकार सांगतांना ताम्रपर्णिक, पाण्ड्यकवाटक यांच्याबरोबर 'हैमवत' मोतीं असा प्रकार दिला आहे. हिमालयांत मोत्यांचे समुद्र कोणी शोधले नाहींत. तें बाजारांतलें नांव आहे, असें समजून सर्व जण पुढें जातात. मग हैमवत वज्राच्या वेळींच कुदळ घेऊन कां निघावें?

जिनसेला पेठेचें नांव पडणें ही गोष्ट आपल्या अनुभवाबाहेरची नाहीं. गोवळकोंड्याचा हिरा जगभर गाजला. पण गोवळकोंडा हा किल्ला, तेथें खाण नव्हती. खाणी कृष्णेकांठीं कोल्लूरला, रामळकोट्याला, किल्ल्यापासून कित्येक मजला दूर. ताव्हर्निये त्या खाणींवर स्वतः गेला होता, आणि त्याचें पुस्तक १६७६ पासून छापलेलें आहे. तरी युरोपांतल्या पेढ्यांवर "गोवळकोंडा" हेंच नांव चाललें आणि आजही चालतें. एरिथ्रियन समुद्राचें वर्णन लिहिणारा ग्रीक नाखवा मुचिरी बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालांत हिरे सांगतो. मलबारांत हिरा पिकतो असें त्यावरून कोणी म्हणत नाहीं. अठराव्या शतकांत ब्राझील देशांत हिरे मिळूं लागले तेव्हां ते गोव्यास आणून हिंदी म्हणून विकले जात, असें त्या काळच्या व्यापाऱ्यांत बोललें जाई. आणि आज जगांतले बहुसंख्य हिरे सुरतेस पैलू पाडून निघतात. दोन हजार वर्षांनंतर एखाद्या संशोधकाच्या हातीं आजची जकातीची वही पडली, तर तो तापीच्या कांठीं हिऱ्याची खाण दाखवील, आणि आम्हीं सोपाऱ्याचें जें केलें तेंच तो सुरतेचें करील.

खरी खाण आणि तिची पेठ यांचें नातें दाखविणारें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत असे. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यासच छापला गेला. त्यांत तो सांगतो कीं, दख्खनमध्यें इमादशहाच्या मुलखाजवळ हिऱ्याची एक खाण असून तेथला माल 'लिस्पोर' येथील मोठ्या बाजारांत विकला जातो. गुजराती लोक तो घेतात आणि विजयनगराकडे भाव अधिक म्हणून तिकडे नेतात. इमादशहा म्हणजे वऱ्हाडचा. लिस्पोर म्हणजे एलिचपूर असावें. खाण कोणती हें ऐन-इ-अकबरीवरून उमगतें : वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत अबुल फजल वैरागडाजवळ हिऱ्याची खाण सांगतो. फिरिश्त्यानेंही अहमदशहा बहामनीनें १४२५ च्या सुमारास कलम घेतलें त्या प्रसंगीं हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख केला आहे. त्याहून जुना पुरावा तामिळ भाषेंतला. अकराव्या शतकांत चोळ राजा पहिला कुलोत्तुंग यानें राज्यावर येण्यापूर्वीं 'वयिरागरम्' येथें हत्तींचे कळप पकडले असें त्याच्या लेखांत आहे. हा शब्द म्हणजे वज्राकर, आणि विद्वानांनीं तो वैरागडाशीं जुळविला आहे. गांवाच्या नांवांतच आकर आहे! वैनगंगेच्या पूर्वेस, आरमोरीपासून फार दूर नसलेलें हें स्थळ पूर्वीं चांदा जिल्ह्यांत होतें. आतां गडचिरोलींत आहे.

ओर्ताच्या या चार ओळींत संबंध व्यवहार दिसतो. खाण गोंडांच्या रानांत, बाजार एलिचपुरास, घेणारे गुजराती, विक्री विजयनगरास. विजयनगरच्या सराफाला तो हिरा कोठला असें विचारलें असतें, तर त्यानें काय सांगितलें असतें? लिस्पोरचा. ताव्हर्नियेला खाणींच्या गांवीं जे घेणारे भेटले तेही वाणीच होते. त्यांचीं दहापंधरा वर्षांचीं मुलें सकाळीं झाडाखालीं काटे घेऊन बसत, आणि थोरांचे सौदे कापडाखालीं हात धरून, एक शब्द न बोलतां होत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

येथून आठांतील वेणातटाचा प्रश्न थोडा सुटतो. कोणी वेणा म्हणजे कृष्णवेणा मानून तें नांव कृष्णाकांठच्या खाणींस लावतात. कोणी वैनगंगा मानून वैरागडास. अर्थशास्त्राच्या टीकेंत सभाराष्ट्र म्हणजे विदर्भ असा अर्थ दिला आहे, आणि वेणातटाच्या शेजारचें कोसल हें दक्षिण कोसल, म्हणजे महानदीचें खोरें, मानल्यास वैनगंगा त्याला लागून येते. आमचा कल वैनगंगेकडे आहे. परंतु आम्ही मराठी असल्यानें तो कल तसा असणारच, म्हणून वाचकांनीं तो सावधपणें घ्यावा. एकदां सोपाऱ्यास ठेंचाळलेला माणूस वैरागडास पुन्हा ठेंचाळूं शकतो. कोसल व कलिंग यांविषयीं वाद नाहीं. टॉलेमीनेंही 'कोसा' येथें व शबर लोकांत हिरे होतात असें लिहिलें आहे. पौण्ड्र म्हणजे उत्तर बंगाल. तेथें खाण नाहीं, पण छोट्या नागपुराच्या नद्यांतला हिरा त्या वाटेनें उतरत असावा. जहांगिरानें आपल्या आठवणींत तेथील खोखरा प्रांत १६१६ च्या सुमारास जिंकल्याचें आणि पात्रांतून हिरे काढण्याची रीत कशी होती याचें वर्णन केलें आहे. मतंगाचा विचार येथें करीत नाहीं.

राहतें सोपारें. तेथें पेठ होती, येवढें म्हणून भागत नाहीं; काळ्या हिऱ्याचीच पेठ कां? शुद्ध वज्र वेणातटचें आणि काळें मात्र सोपाऱ्याचें, हें कसें?

आम्हीं सुमारें तीस वर्षें वर्गांत रघुवंश शिकविलें. पहिल्याच सर्गाच्या आरंभीं कवि म्हणतो कीं, पूर्वसूरींनीं वाट करून ठेवलेल्या या वंशांत आपला प्रवेश म्हणजे वज्रानें विंधलेल्या मण्यांत दोऱ्याचा प्रवेश. मल्लिनाथ तेथें वज्राचा अर्थ इंद्राचें आयुध असा करीत नाहीं. मणी विंधण्याची एक प्रकारची सुई असा करतो, आणि त्याला कोशाचा आधार देतो. हा अर्थ आम्हीं दरवर्षीं फळ्यावर लिहिला, मुलांनीं उतरून घेतला, परीक्षेंत त्याला गुण दिले. ही सुई कशाची आणि कारागीर तिचें टोंक कोठून विकत घेत असे, हें आमच्या मनांत एकदांही आलें नाहीं.

तें टोंक हिऱ्याचेंच. खंबायतचे अकीक विंधणारे कारागीर सामत्याच्या टोंकास हिऱ्याच्या दोन कण्या बसवून भोंक पाडतात. प्राचीन मण्यांच्या भोंकांचे ठसे घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले असतां, हिऱ्याच्या सामत्यानें पडणारीं वर्तुळाकार चरांचीं चिन्हें हिंदुस्थानांतील इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतल्या मण्यांत स्पष्ट दिसलीं आहेत. आणि या कामाला शुद्ध पाणीदार हिरा कोण वापरील? त्याला काळा, मळकट, कोन तुटलेला दगडच लागतो. राजे त्याला नाकारतात, शुभाशुभ सांगणारे त्याला शूद्राच्या वांट्यास देतात, पण ओरखडा तोही तितकाच काढतो. आपल्याकडे कांच कापणाऱ्याच्या हातांतली हिरकणी असते, तिच्या जातीचा तो. आतां पश्चिम किनाऱ्याकडे पाहावें. तोच ग्रीक नाखवा सांगतो कीं, पैठणाहून गोमेदासारखे दगड पुष्कळ प्रमाणांत भडोचेस उतरत. सोपारें व कल्याण हीं त्याच किनाऱ्यावरचीं पेठेचीं गांवें तो नांवानिशीं देतो. अकीक-गोमेदाचा एवढा धंदा या किनाऱ्यावर, म्हणजे विंधणाऱ्यांची वस्ती याच किनाऱ्यावर. म्हणजे काळ्या कणीचें गिऱ्हाईकही येथेंच. सोपाऱ्याचें "काळें" आणि सुराष्ट्राचें "तांबूस" वज्र हें दागिन्याचें नसून हत्याराचें होतें, असें आमचें अनुमान आहे.

तें अनुमानच आहे. सोपाऱ्याच्या उत्खननांत असा सामता मिळाला असें आम्ही म्हणत नाहीं. शिवाय मुचिरीहून जे हिरे परदेशीं जात त्यांतलेही कांहीं विंधण्यासाठींच नेले जात असतील. म्हणजे हत्याराचा हिरा केवळ आमच्या किनाऱ्याचा नव्हे. परंतु या अनुमानानें दोन गोष्टी साधतात : जेथें हिरा पिकत नाहीं तेथें त्याचें नांव कां, आणि रंग असा कां. खाण बुजली या उत्तरानें एकही साधत नव्हती.

यादी पुढें कशी निर्जीव झाली तेंही पाहण्यासारखें आहे. ठक्कुर फेरू हा जैन गृहस्थ अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारीं होता. सुलतानाच्या खजिन्यांतलीं रत्नें त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. त्यानें संवत् १३७२, म्हणजे इसवी सन १३१५ मध्यें, 'रयणपरिक्खा' हा प्राकृत ग्रंथ रचला. तो १९६१ सालीं जोधपुराहून छापला गेला, आणि श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांची आवृत्ति १९८४ सालीं अलीगढहून निघाली. फेरू किंमती देतो त्या आपल्या काळच्या, टंकांत. पण आकर देतो ते तेच जुने, त्यांत सोपारेंही. त्याच्या काळीं खजिन्यांतला हिरा सोपाऱ्याहून येत नव्हता, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणाला माहीत असणार? तरी त्यानें नांव काढलें नाहीं. शास्त्राच्या आरंभीं मंगलाचरण असावें तशी ती आठ नांवें तेथें असावयाचींच होतीं. फेरूनें केलें तें समजूं शकतें. आपण इतिहास लिहावयास बसतों तेव्हां तसें करूं नये.

एक विनंती संग्राहकांस आहे. रत्नपरीक्षा, अगस्तिमत, मणिमाहात्म्य अशा नांवांच्या पोथ्या महाराष्ट्रांत घरोघरीं आहेत. वैद्यकाच्या वा ज्योतिषाच्या बाडांत त्या बांधलेल्या असतात, आणि "किरकोळ" म्हणून त्यांची नोंदही होत नाहीं. ज्यांच्याजवळ अशी पोथी असेल त्यांनीं वज्रप्रकरणांतील चार जागा मात्र ताडून पाहाव्या. आठवें स्थळ शूर्पार आहे कीं सौवीर. शब्द आकर आहे कीं विहारक. उत्तम वज्र लघु म्हटलें आहे कीं गुरु. आणि काळ्या वज्रापुढें वेध, सूची अगर तत्सम शब्द कोठें समासांत वा टीपेंत आला आहे काय. पोथीचा शक, नकलकाराचें गांव आणि या चार जागांचा पाठ एका कार्डावर लिहून मंडळाकडे पाठविल्यास आम्ही ते सर्व एकत्र लावून पुढील अंकांत देऊं. आणि चौथ्या प्रश्नाचें उत्तर आमच्या विरुद्ध आलें तरी तेंही देऊं.